विशेषांक हाती आला तो दिवस : राज कॉमिक्सच्या आठवणी

राज कॉमिक्स या प्रकाशनाच्या चित्रकथांचा साधा अंक साधारण 32 पानांचा असे आणि विशेषांक त्याच्या जवळजवळ दुप्पट. हे अंक हिंदीत निघत असले तरी खानदेश, विदर्भ आणि मुंबईतल्या कित्येक मराठी मुलांनी ते चाटून-पुसून वाचले. त्या विशेषांकांविषयीचे अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. नुसती नावांची यादी नको. अंक कसा मिळवला आणि आज तो उघडल्यावर काय वाटते, तेही यावे. सुरुवात मीच करतो.

भुसावळला आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉमिक्स भाड्याने देणारे एक दुकान होते. साध्या अंकाला दिवसाचे 50 पैसे आणि विशेषांकाला 1 रुपया पडे, म्हणून आम्ही चौघे मित्र प्रत्येकी चार आणे काढून एकच अंक आणत असू आणि ओट्यावर बसून एकाच वेळी वाचत असू. ज्याचे वाचन सर्वांत हळू, त्याच्यासाठी बाकीचे पान उलटायचे थांबत. 'राजनगर की तबाही' आम्ही असाच वाचला. नागराज आणि ध्रुव हे राज कॉमिक्सचे दोन मोठे नायक एकाच अंकात येणार म्हटल्यावर दोघांत श्रेष्ठ कोण यावर महिनाभर वाद चालत. जाड अंकात गोष्ट एकदाची पूर्ण होईल अशी आमची भाबडी समजूत असे, पण पुढेपुढे विशेषांकही 'क्रमशः' होऊ लागले आणि पुढचा भाग दुकानात येईपर्यंत जीव टांगणीला लागे. एकदा तर भाड्याच्या अंकाचे शेवटचे पानच कोणीतरी फाडून नेलेले निघाले. त्या गोष्टीचा शेवट मला तब्बल पंधरा वर्षांनी कळला.

मी दुसरी वाचक; माझे बालपण इंदूरच्या मराठी कुटुंबात गेले. घरात मराठी आणि अंगणापलीकडे हिंदी, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. अडचण होती ती आजीची, कारण तिच्या मते ही मुलग्यांची पुस्तके होती. मला मात्र सुपर कमांडो ध्रुव आवडे. 1987 मध्ये 'प्रतिशोध की ज्वाला'पासून अनुपम सिन्हा यांनी उभा केलेला हा नायक सर्कशीत वाढलेला आहे, त्याच्याकडे अलौकिक शक्ती नाही आणि तो अडचणीतून शाळेतल्या विज्ञानाच्या आधारे सुटतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची बहीण श्वेता गुपचूप चंडिका नावाची नायिका होऊन त्याच्या मदतीला धावते आणि हे गुपित वाचकाला ठाऊक असते, ध्रुवला नाही. पाने वाढल्यामुळे विशेषांकात तिच्या वाट्याला काहीतरी येईल, या आशेवर मी ते घेत असे. बहुतेक वेळा निराशाच होई, हे आता मोकळेपणाने सांगते.

वरच्या दोन्ही वाचकांच्या लेखनात विशेषांकांचे फारच कौतुक झाले आहे, म्हणून मी तिसरा वाचक थोडी दुसरी बाजू मांडतो. नागराज 1986 मध्ये आला आणि त्याचे सुरुवातीचे अंक पुण्याचे प्रताप मुळीक यांनी रेखाटले, ज्यांची चित्रे आमच्या पिढीने अमर चित्र कथेत आधीच पाहिलेली होती. त्या पातळ अंकांतली माणसांची ठेवण आणि चौकटीतली मोकळी जागा मला नंतरच्या गच्च भरलेल्या विशेषांकांत सापडत नाही. 'कोहराम' या विशेषांकात तर इतके नायक एकत्र आले आहेत की कोण कोणाला मारतो आहे हे कळायला पान दोनदा पाहावे लागते.

मी चौथा वाचक, मुंबईचा, लालबागच्या चाळीत वाढलेला, त्यामुळे राज कॉमिक्समधला माझा नायक डोगा. नागराजचे महानगर आणि ध्रुवचे राजनगर ही कल्पित शहरे होती. डोगा मात्र कुत्र्याचा मुखवटा घालून आमच्याच मुंबईच्या गटारांतून फिरत असे. त्याच्या पहिल्या अंकाचे नावच 'कर्फ्यू' होते, आणि संचारबंदी म्हणजे काय हे आम्ही 1992-93 च्या दंगलींत खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत बसून पाहिलेले होते. तेव्हा कचऱ्यात सापडलेला तो पोर, त्याला तयार करणारे अदरक चाचा आणि त्याचा राग हे सगळे मला पटत असे. गेल्या दिवाळीत माळा साफ करताना त्याचे सात विशेषांक हाती लागले. एका बैठकीत वाचले. गुन्हेगाराला जागीच गोळी घालणारा नायक चाळिशीत तितकासा सुखावत नाही. माझा दहा वर्षांचा मुलगा ते रोज मागतो. त्याला सध्या ध्रुवचा एक विशेषांक देऊन ठेवला आहे.