बाबेलमधला दानीएल आणि आपली मुले

मुलांच्या हाती मोबाइल देऊच नये आणि धर्मशिक्षण संडे स्कूलवर, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गावर, सोपवावे, या मताशी मी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही. बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात बाबेलला (बॅबिलोनला) नेलेले चार यहूदी तरुण खास्द्यांची, म्हणजे तिथल्या लोकांची, भाषा व विद्या शिकतात, त्यांना नवी नावे मिळतात, ते राजाच्या चाकरीतही उभे राहतात. मात्र राजाच्या अन्नाने व द्राक्षारसाने स्वतःला विटाळवायचे नाही, असा निश्चय दानीएल करतो, आणि तोही उद्धटपणे नव्हे, तर दहा दिवस शाकभाजी व पाणी देऊन पाहावे, अशी विनंती करून. कुठे मिसळायचे आणि कुठे थांबायचे, हा विवेक तो घरूनच घेऊन गेला असावा, असे मला मनापासून वाटते. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकातले 6:7 हे वचन हीच जबाबदारी आईवडिलांवर टाकते: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी देवाच्या वचनाविषयी बोलावे. आठवड्यातला एक तास त्याला पुरणार नाही. मोबाइलवर बंधन जरूर घालावे, पण त्याचे कारणही सांगावे, आणि संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी मोठ्यांनीही आपले मोबाइल दूर ठेवावेत. शाळेतील मित्रांच्या दबावाविषयी मूल बहुधा अशाच वेळी मोकळेपणाने बोलते.