सिंधुदुर्ग किल्ल्याची एक दिवसाची सहल : बालगृहातील मुलींना सोबत न्यावे काय?

प्रश्न : राजारामपुरीकर

सर्वांना सलाम आणि नमस्कार.

माझी नणंद आणि नंदावा हे दोघे एका छोट्या मिशनच्या वतीने मालवणजवळच्या एका गावात मुलींचे बालगृह चालवतात. दोघेही मूळचे कोल्हापूरचे. लग्नानंतर काही वर्षांतच त्यांनी ही सेवा पत्करली. बालगृहात सध्या पंचवीसएक मुली आहेत आणि त्यांची स्वतःची दोन मुलेही त्याच आवारात वाढत आहेत. दिवाळीच्या सुट्टीत यजमान, सासूबाई, आमची दोन मुले (वय वर्षे आठ आणि बारा) आणि मी असे पाचजण चार-पाच दिवसांसाठी त्यांच्याकडे जाणार आहोत. त्यातला एक दिवस होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जावे, असे मुलांनी ठरवूनच टाकले आहे.

अडचण अशी, की बालगृहातील मुलींना मागे ठेवून आपणच तेवढे फिरायला जाणे मला प्रशस्त वाटत नाही. उलट सगळ्यांना घेऊन जायचे म्हटले तर खर्चापेक्षा जबाबदारीची धास्ती वाटते. यजमानांनी सुचवले, की त्यांतल्या चार-पाच लहान मुलींना आपल्या गाडीतून न्यावे. नणंदबाईंना विचारले तर त्या "वहिनी, तुम्हाला बरे वाटेल तसे करू" एवढेच म्हणतात, कारण पाहुण्यांना नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नाही. सासूबाईंचे वय चौऱ्याहत्तर आहे आणि त्यांचे गुडघे दुखतात. त्यांना होडीत चढता-उतरता येईल का, हाही प्रश्न आहे. ज्यांना अशा संस्थांचा किंवा त्या किल्ल्याचा अनुभव आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : फोंडा घाट मार्गे

संस्थेविषयी जाणकार लिहितीलच. मी फक्त रस्ता, होडी आणि किल्ला यांविषयी लिहितो.

कोल्हापूरहून मालवणला जायला दोन सरळ वाटा आहेत. एक गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे, कणकवली, कसाल अशी, आणि दुसरी राधानगरी, दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून कणकवलीकडे. दोन्हींकडून चार तासांच्या आसपास वेळ धरावा. करूळ घाट दरडींमुळे किंवा कामामुळे अधूनमधून बंद असतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करावी. तुम्ही मुक्कामालाच जात असल्यामुळे प्रवासाच्या दिवशी किल्ला उरकण्याचा मोह टाळावा. घाटात पोटातले ढवळलेल्या मुलांना लगेच होडीत बसवणे म्हणजे दिवसाची माती करणे आहे.

होड्या मालवणच्या जेटीवरून सुटतात आणि दहा-पंधरा मिनिटांत किल्ल्याला लागतात. साधारण मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत ही वाहतूक बंद असते. दिवाळीत ती चालू असते, पण त्याच सुट्टीत निम्मे कोल्हापूर आणि सांगलीही तिथे उतरलेले असतात. सकाळची पहिली होडी धरली तर रांगही टळते आणि ऊनही. ज्या होडीने गेलो तिनेच परतायचे असते आणि नावाडी सहसा तासाभराचाच अवधी देतात. सोबत वृद्ध माणूस असेल तर जाण्यापूर्वीच त्यांच्याशी बोलून जास्त वेळ ठरवून घ्यावा, कारण तासाभरात किल्ला होत नाही. लाइफ जॅकेट सर्वांनी घालायचे, आणि लहान मुलांच्या मापाचे नसेल तर ते मिळेपर्यंत थांबायचे. ढगळ जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निघून जाते.

आता किल्ल्याविषयी. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला तो २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. मुहूर्ताची पूजा किनाऱ्यावर ज्या खडकावर झाली तो 'मोरयाचा धोंडा' आजही दाखवतात. सासूबाईंचा किल्ल्याचा बेत रहित झालाच, तर त्यांना तिथे अवश्य न्यावे. बेटाचे क्षेत्र सुमारे अठ्ठेचाळीस एकर आहे आणि तटाचा घेर तीन किलोमीटरच्या घरात जातो, त्यामुळे मुलांनी तट पूर्ण फिरण्याचा हट्ट धरला तर तो पुरवू नये. होडी अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. समोर नुसती काळी भिंत असते आणि मग एका वळणावर बुरुजांच्या कुशीत तो एकदम उघडतो. मुलांना हे आधी सांगून ठेवा आणि दरवाजा शोधायला लावा, बारा वर्षांचा मुलगासुद्धा हातातला मोबाइल खाली ठेवतो. आत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. चारी बाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव, आणि राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. तिथली महाराजांची मूर्ती बिनदाढीची आहे, हे मुलांच्या लगेच लक्षात येते आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते.

जाता जाता आपल्या गावाचा संबंध सांगतो. हा किल्ला पुढे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेऊन त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले, मग पैसे घेऊन परत दिला, आणि १८१२ च्या तहाने तो कायमचा आपल्या हातून गेला. त्या मंदिराचा सभामंडप राजर्षी शाहू महाराजांनी बांधून दिलेला आहे, म्हणजे तिथे आपण अगदीच पाहुणे नाही.

उत्तर : निवृत्त अधीक्षक

मी बालगृहाच्या कामात आयुष्य काढले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या यजमानांची सूचना सद्भावनेची असली तरी ती मान्य करू नये. पंचवीस मुलींतून पाच निवडायच्या म्हणजे उरलेल्या वीसजणींना 'तुम्ही निवडल्या गेला नाहीत' असे सांगायचे, आणि या मुलींना ही गोष्ट नव्याने शिकवण्याची गरज नसते. शिवाय या मुली नणंदबाईंच्या घरी राहत असल्या तरी कायद्याने त्या बालकल्याण समितीच्या आदेशाने तिथे ठेवलेल्या आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली आपल्या आश्रयाला आणल्या आणि त्यातून केडगावचे मुक्ती मिशन वाढले. तो काळ वेगळा होता. आज बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे आणि समितीच्या आदेशाशिवाय मूल परस्पर ठेवून घेता येत नाही. त्यामुळे एखाद्या पाहुण्याने, मग तो सख्खा भाऊ का असेना, काही मुलींना खासगी गाडीत घालून समुद्रावर नेणे हे अधीक्षकांना फार महागात पडू शकते. दुर्दैवाने काही झाले तर 'घरचेच लोक होते' हे उत्तर कोणी ऐकून घेणार नाही.

सहल मुळीच काढू नये, असे मात्र नाही. संस्थेने स्वतः ठरवावी, सर्व मुलींची ठरवावी, संस्थेच्या महिला कर्मचारी सोबत असाव्यात, संबंधितांना आगाऊ कळवावे आणि जाता-येता हजेरीची नोंद ठेवावी. आपण त्या दिवसाच्या बसचा, होडीचा आणि जेवणाचा खर्च उचललात तर ती उत्तम भेट होईल.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट, जी हल्ली सगळेच विसरतात. मुलींचे फोटो स्टेटसवर टाकू नयेत, चर्चच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवू नयेत आणि बालगृहाच्या नावासह तर मुळीच नको. त्याच अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा बालकांची ओळख उघड होईल असे काहीही कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करण्यास मनाई असून, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या मुलांनाही हे नीट समजावून सांगा. 'तुझे आई-बाबा कुठे आहेत?' हा प्रश्न आठ वर्षांचे मूल सहज विचारून जाते. पुष्कळ मुलींची आई किंवा वडील हयात असतात, फक्त सांभाळण्याच्या स्थितीत नसतात, आणि ते पाहुण्यांच्या मुलाला समजावून सांगण्याची पाळी त्या मुलीवर येऊ नये.

मुलींचे बालगृह असल्यामुळे यजमानांच्या मुक्कामाची सोय मुलींच्या इमारतीपासून वेगळी असावी, हे सांगणे अवघड असले तरी सांगतो. आपले नंदावे स्वतःच तशी व्यवस्था करतील, पण त्यांनी ती केली तर कोणी मनाला लावून घेऊ नये.

उत्तर : खासबाग

अधीक्षकसाहेबांचे नियम मान्य आहेत, तरीही एक शंका आहे. पंचवीस मुलींच्या डोळ्यांदेखत पाहुण्यांची गाडी किल्ल्याकडे निघणार आणि संध्याकाळी तुमची मुले शंख-शिंपल्यांच्या माळा घालून परत येणार, यात त्या मुलींना काहीच वाटणार नाही का? माझ्या मते जायचे तर सर्वांनी एकाच दिवशी, दोन होड्या ठरवून. नाहीतर किल्ल्याचा बेतच सोडून द्यावा आणि तो दिवस बालगृहातच सर्वांनी मिळून फराळ करण्यात घालवावा.

उत्तर : मिशन कंपाउंड

खासबाग यांची कळकळ समजते, पण मी या चित्राच्या दुसऱ्या बाजूला वाढले आहे. माझे आई-वडील मिशनच्या वसतिगृहाचे काम पाहत. आमच्या घराला दार होते, पण ते कधी लावलेले मला आठवत नाही. ताप आलेली मुलगी रात्री आईजवळ झोपायची आणि मी पलीकडच्या खोलीत. मला त्याबद्दल तक्रार नाही, त्या मुलींना आईची गरज माझ्याहून अधिक होती हे मला तेव्हाही कळत होते. मात्र सुट्टीत काका-काकू आले आणि एखाद्या दिवशी आम्हाला तेवढे कुठे घेऊन गेले, की आई गाडीत माझ्या शेजारी बसायची, याचे अप्रूप काय असते ते बाहेरच्यांना कळणे कठीण आहे.

राजारामपुरीकरताई, आपण बालगृहातील मुलींचा विचार केलात, आपल्या मुलांचा आणि सासूबाईंचाही केलात. आपल्या नणंदेच्या दोन मुलांचा उल्लेख मात्र एका वाक्यात उरकला आहे. माझा सल्ला असा, की किल्ल्याचा दिवस त्या दोघांसाठी ठेवा आणि त्यांच्या आईलाही बरोबर न्या. नणंदबाई सहजासहजी तयार होणार नाहीत, "मुलींकडे कोण पाहील?" असे त्या म्हणतीलच. त्याची तजवीज नंदाव्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी पंधरा दिवस आधी करायला हवी, म्हणून हे पत्र वाचल्या वाचल्या फोन करा, आणि तो नणंदबाईंना नव्हे तर नंदाव्यांना करा. सासूबाईंनी हट्ट धरला तर काम अधिक सोपे होईल, कारण आईला नाही म्हणणे अवघड असते.

आणि खासबाग यांच्या शंकेविषयी : मुलींना वाईट वाटते ते लपवाछपवीचे. नणंदबाईंनी आदल्या रात्रीच्या प्रार्थनेनंतर सरळ सांगावे, की उद्या मी माझ्या आईबरोबर आणि मुलांबरोबर किल्ल्यावर जाणार आहे आणि तुम्हा सर्वांची सहल अमुक दिवशी आहे. तारीख पक्की असेल तर कोणी रुसत नाही. शंख-शिंपल्यांच्या माळा मात्र आणू नयेत, एवढे त्यांचे म्हणणे मला पटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : राजारामपुरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मिशन कंपाउंड यांचे उत्तर यजमानांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी स्वतःच नंदाव्यांना फोन लावला. किल्ल्यावर आम्ही पाचजण, नणंदबाई आणि त्यांची दोन मुले असे आठजण जाऊ. मुलींची सहल नाताळच्या सुट्टीत संस्था काढील आणि त्याचा खर्च आम्ही देऊ, असे ठरले. कुठे जायचे ते मुलींनाच विचारणार आहेत, कारण नंदावे म्हणाले की त्यांतल्या पुष्कळजणींनी शाळेबरोबर किल्ला पाहिलेला आहे.

आता एकच विचारायचे आहे. कार्तिक शुद्ध अष्टमीच्या सुमारास जाण्याचा विचार आहे. सासूबाईंच्या दृष्टीने भरती-ओहोटीची वेळ कशी पाहावी?

उत्तर : फोंडा घाट मार्गे

किनाऱ्यावरचे जुने गणित असे, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अष्टमीला पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती येईल आणि दुपारी बाराच्या पुढेमागे पूर्ण ओहोटी असेल. त्या दिवसांत भांग असते, उधाण नसते. पाण्याची चढउतार आणि ओढ दोन्ही कमी असतात, त्यामुळे वयस्क माणसासाठी दिवस चांगला निवडला आहे.

तरीही पहिल्या होडीने जाऊन अकराच्या आत परतावे. पाणी उतरले, की किल्ल्याच्या बाजूला शेवाळलेले खडक उघडे पडतात आणि होडीच्या काठापासून पायरीपर्यंतचे अंतर वाढते. सासूबाईंना होडीच्या मधल्या फळीवर बसवा. उतरताना एकाने आधी खाली उतरून पुढून हात द्यावा आणि दुसऱ्याने मागून आधार द्यावा. नावाडी मदत करतात, पण घाईत असतात. पायात मागे पट्टा असलेली रबरी तळव्याची चप्पल हवी, कोल्हापुरी नको. दरवाजातून आत गेल्यावर शिवराजेश्वराच्या मंदिरापर्यंत सावकाश चालत जाता येते. तटावर चढण्याच्या पायऱ्या मात्र उंच आहेत, तेवढा वेळ त्यांनी मंदिराच्या सभामंडपात बसावे. नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी जेटीवर विचारून घ्या. वाऱ्याप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.