प्लॅस्टिकच्या अंड्यांचा बालवाडीत उपयोग कसा करावा?

प्रश्न : बालवाडी शिक्षिका, गंगापूर रोड, नाशिक

नमस्कार. आमच्या बालवाडीतील मुले साडेतीन ते पाच वर्षांची आहेत. एका पालकांनी परदेशातून येताना दोन भागांत उघडणारी रंगीत प्लॅस्टिकची अंडी आणून दिली. तिकडे ईस्टरला त्यांत गोळ्या भरून ती बागेत लपवतात आणि मुले शोधून काढतात. लपवाछपवी खेळून झाली. आता पुढे काय घ्यावे, हा प्रश्न आहे. इंटरनेटवरील बहुतेक उपक्रमांत एका भागावर मोठे इंग्रजी अक्षर व दुसऱ्यावर लहान अक्षर लिहून जोडी लावतात, पण आपल्या लिपीत तसा भेदच नाही. एका भागावर ‘क’ आणि दुसऱ्यावर काना, वेलांटी, उकार लिहून बाराखडी घ्यावी, असा विचार आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मत द्यावे.

उत्तर १ : निवृत्त शिक्षिका, पंचवटी

ताई, बाराखडी अंड्यावर जमणार नाही. अंडे आडवे धरून फिरवले, की दुसऱ्या भागावरील खूण नेहमी अक्षराच्या उजवीकडेच येते. काना तिथे बरोबर बसतो. परंतु पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे, उकार खाली आणि मात्रा डोक्यावर असते, त्यामुळे मुलांना जे दिसेल ते चुकीचेच असेल. त्याऐवजी पूर्ण अक्षरे घ्यावीत. डाव्या भागाच्या कडेने का, पा, मा, रा, धा असे लिहावे, उजव्या भागावर केवळ ‘न’ लिहावा आणि एक भाग फिरवत कान, पान, मान, रान, धान हे शब्द मुलांकडून वाचून घ्यावेत. लिहिण्यापूर्वी दोन्ही भाग जोडून पेन्सिलीने शिरोरेषा आखून घ्यावी, अन्यथा अक्षरे वरखाली होतात.

हे मात्र पाच वर्षांच्या मुलांसाठी झाले. साडेतीन वर्षांच्या मुलाला एका हाताने अंडे धरून दुसऱ्या हाताने ते उघडणे आणि कडा जुळवून पुन्हा बंद करणे, हेच पुरेसे काम आहे. पुढे पेन्सिल धरण्यासाठी लागणारी बोटांची ताकद त्यातून येते. त्या वयात अक्षरांची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २ : पालक, सिडको

आमच्या घरी सर्वाधिक चाललेला खेळ आवाजाचा आहे. राजगिरा, तांदूळ आणि हरभरा यांपैकी प्रत्येक धान्य दोन-दोन अंड्यांत सारख्याच प्रमाणात भरावे, सांध्यावर चिकटपट्टी लावावी आणि मुलांना हलवून जोड्या शोधायला सांगावे. राजगिरा सळसळतो, हरभरा टकटक वाजतो. सर्व अंडी एकाच रंगाची घ्यावीत, नाहीतर मुले कानांऐवजी डोळ्यांनीच जोड्या लावतात आणि खेळाचा हेतूच संपतो. मॉन्टेसरी पद्धतीत अशाच जोड्या लावण्यासाठी लाल आणि निळ्या झाकणांच्या सहा-सहा डब्यांचे दोन संच असतात.

दुसरा खेळ शाडूचा. अंड्याच्या रुंद भागाच्या तळाशी शाडूचा गोळा घट्ट दाबून बसवला, की अंडे कितीही आडवे केले तरी पुन्हा उभे राहते. वजन तळाशी असल्यामुळे असे होते, हे लगेच सांगून टाकू नये. गोळा मुलांनाच अरुंद टोकाकडे बसवून पाहू द्यावा. घमेल्यातील पाण्यात रिकामे अंडे तरते आणि खडे भरलेले बुडते, हेही दाखवता येते, पण अनेक अंड्यांच्या टोकांना बारीक छिद्रे असतात, ती आधी बंद करावीत.

उत्तर ३ : अंगणवाडी सेविका, निफाड तालुका

मुलांनी खरे अंडे कुठे पाहिले आहे, हे आधी विचारावे. आमच्याकडे नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातील पक्षी मुलांच्या ओळखीचे असल्याने कोंबडी, बगळा, कासव, पाल अशी यादी त्यांच्याकडूनच येते आणि कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, हे ऐकून वर्गात न्यायनिवाडाच सुरू होतो! कोंबडीचे पिल्लू साधारण २१ दिवसांनी बाहेर येते. तेवढे दिवस दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारायला लावली, तर मोजणीही होते. नवे साहित्य विकत आणण्याची गरज नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी या गावी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परिसरात मिळणाऱ्या वस्तूच शिकवण्यासाठी वापरल्या होत्या.

एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. खेळण्यांतील लहान तुकड्यांची चाचणी सुमारे ३.१७ सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्याने घेतात. त्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकते. हरभरा, चिंचोका, खडे हे सारे त्यात मावते. मोठ्या मुलांसोबत लहान भावंडेही येत असतील, तर चिकटपट्टीवर विसंबू नये; सांधा गोंदाने कायमचा बंद करावा आणि तडा गेलेले अंडे त्याच दिवशी काढून टाकावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. आमच्याकडे भावंडे येतात, त्यामुळे धान्याची अंडी गोंदाने बंद करून घेईन. लहान गटाला सध्या केवळ उघडझाप आणि आवाजाच्या जोड्या देते. ‘न’चे अंडे मोठ्या गटासाठी दिवाळीच्या सुट्टीनंतर काढेन.