भाचा म्हणतो फुटबॉल कोचच व्हायचंय, काय करावं?

लष्करकर_मामा:
नमस्कार मंडळी, आम्ही ग्वाल्हेरचे, लष्कर भागात राहतो. भाचा बारावीला आहे, शाळेकडून फुटबॉल खेळतो, आणि आता हट्टच धरलाय की शाळा-कॉलेजात कोच व्हायचं. आमच्याकडे क्रिकेट नाहीतर हॉकी, रूपसिंग स्टेडियमात सचिनने २०१० ला दोनशे केले ते अजून महाराज बाड्याच्या चौकात चहा पिताना निघतं, फुटबॉलला कोण विचारतो. ताईचं म्हणणं बीकॉम कर आणि संध्याकाळी काय खेळायचं ते खेळ. एलएनआयपीई, म्हणजे शारीरिक शिक्षणाची संस्था, सायकलच्या अंतरावर आहे, तिथे घालावं का, की सरळ कोचिंगचं लायसन्स करावं? लायसन्स असलं की शाळेत लागतो ना?

निवृत्त_क्रीडाधिकारी:
मामा, खाजगी शाळा ठेवून घेईल लायसन्सवर, पण शाळेत पीटी शिक्षकाची पक्की पोस्ट म्हटली की बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची डिग्री, मागतातच. हे दोन कागद वेगळे आहेत आणि पोरं इथेच फसतात. लायसन्स फुटबॉल फेडरेशनचं, आधी डी, मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो, त्यावर टीम मिळते. पोस्ट मिळते ती डिग्रीवर. तिसरा कागद पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) कोचिंग डिप्लोमा, पण तो नंतरचा विषय.
एलएनआयपीई १९५७ ची, दारात आहे तर सोडू नका, फक्त प्रवेशाला लेखीबरोबर मैदानावरही परीक्षा द्यावी लागते.
कॉलेजात नोकरीला यायचं असेल तर मास्टर्सला ५५ टक्के, नेट ही पात्रता परीक्षा, आणि वर फिटनेस टेस्ट, यूजीसीचे २०१८ चे नियम काढून वाचा, तिशीपर्यंतच्या पुरुषाला १२ मिनिटांत १८०० मीटर पळायचंय. हसू नका, पुस्तकात बुडालेले भलेभले तिथे धापा टाकताना पाहिलेत. खेळल्याचं रेकॉर्डही बघतात, म्हणून कॉलेजात गेल्यावर युनिव्हर्सिटी टीमसाठी जीव तोडून खेळायला सांगा, सर्टिफिकेटं जपून ठेवायला सांगा.

राजवाडा_इंदूर:
मी इंदुरात एका शाळेत कॉन्ट्रॅक्टवर कोच आहे, नाव नाही लिहीत. काका म्हणाले ते बरोबर पण रोजचं काम कोणी सांगत नाही. सकाळी प्रार्थनेला रांगा लावा, दुपारी बस ड्यूटी, स्नेहसंमेलनात ड्रिल बसवा, मग उरलेल्या पाऊण तासात चाळीस पोरं आणि बॉल सहा, त्यातल्या दोनांची हवा गेलेली. शाळांच्या फुटबॉलचा सुब्रोतो कप जवळ आला की प्रिन्सिपलना एकदम आठवतं की आपली टीम आहे. तरी डाव्या पायाला घाबरणारं पोरगं एक दिवस डाव्यानेच पास देतं ना, त्या दिवशी पगार आठवत नाही. (दुसऱ्या दिवशी आठवतो.)

जुना_हाफबॅक:
डाव्या पायावरून रहीमसाहेब आठवले. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शाळामास्तर, आणि भारताचे कोच १९५० पासून १९६३ ला जाईपर्यंत. १९५१ आणि १९६२ ची एशियाड गोल्ड त्यांच्याच हाताखाली, १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकला चौथा नंबर. ते म्हणे कमजोर पायानेच खेळायच्या मॅचेस लावायचे. १९६२ ची जकार्ताची फायनल आठवा, दक्षिण कोरियाला २-१, डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला डिफेन्समधून काढून फॉरवर्डला खेळवला आणि त्याने गोल केला. रहीमसाहेबांचं हे डोकं शाळेच्या मैदानावर तयार झालेलं, म्हणून पीटी सर म्हणून नाक मुरडू नका कोणी.

लष्करकर_मामा:
सगळ्यांचे आभार. काल मेला ग्राउंडवर भाच्याला १२ मिनिटं पळवलं, मी मागे स्कूटरवर, मीटर बघत. अडीच किलोमीटरच्या पुढे गेला पठ्ठ्या. ताईला बीपीएड चालेल म्हणाली, पण तिचा एकच प्रश्न आहे, राजवाडा भाऊ, कॉन्ट्रॅक्टवर मे महिन्याचा पगार देतात का?

राजवाडा_इंदूर:
नाही देत मामा. मे मध्ये मी समर कॅम्प घेतो.