ख्रिस्ती मालकाची सचोटी कुठे तपासायची?

ताळेबंद (धागाकर्ता)
धंदा चालवणारा माणूस ख्रिस्ती असेल तर त्याचा विश्वास कामात कुठे दिसावा? नेहमीची उत्तरं ठरलेली आहेत: ऑफिसात वचन लावा, बैठकीआधी प्रार्थना करा, नफ्याचा दशांश द्या. यात वाईट काही नाही. पण यातल्या कशानेही पुरवठादाराचं थकलेलं बिल निघत नाही.

पवित्र शास्त्र व्यवहाराबद्दल बोलतं तेव्हा अगदी मुनीमासारखं बोलतं. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका (लेवीय १९). खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे (नीतिसूत्रे ११). याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायात तर अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे.

म्हणून माझं मत असं: समोरचा आपल्यापेक्षा दुबळा असतो, तिथेच मालकाची सचोटी तपासावी. मोठ्या ग्राहकाशी नीट वागायला श्रद्धा लागत नाही, तो तुटेल ही भीती पुरते.

उलटतपासणी
मग 'ख्रिस्ती' हे विशेषण कशाला? पगार वेळेवर नास्तिकही देतो. उलट धर्माचा शिक्का बसला की लोक हिशेब तपासायचे थांबतात. अमेरिकेतल्या ऊर्जा कंपनी एन्‍रॉनचे प्रमुख केनेथ ले बाप्टिस्ट उपदेशकाचे चिरंजीव, श्रद्धेबद्दल उघडपणे बोलणारे. कंपनीच्या मूल्यांच्या यादीत 'सचोटी' होतीच. डिसेंबर २००१मध्ये दिवाळं वाजलं आणि २००६मध्ये ज्युरीने त्यांना फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं. तिथल्याच वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीचे प्रमुख बर्नार्ड एबर्स बायबलचा वर्ग घेत. हिशेबातल्या घोटाळ्यासाठी त्यांना २००५मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली.

'ते ढोंगी होते' म्हणून हात झटकू नका. मला तर ते मनापासून श्रद्धाळू असावेत असं वाटतं. काळजी त्याचीच आहे.

कोरडवाहू
असहमत. दोन दिवाळखोर दाखवून परंपरा बाद होत नाही. इंग्लंडातले क्वेकर बघा, साधेपणा आणि खरेपणा पाळणारा हा ख्रिस्ती पंथ. १७व्या शतकात त्यांनी दुकानात घासाघीस बंद करून एकच भाव ठेवला. घ्यायचे नाहीत एवढे पैसे आधी मागणं हेच मुळात खोटं, असा त्यांचा हिशेब. 'होय तर होय, नाही तर नाही' हे मत्तयातलं वचन त्यांनी गल्ल्यावर लागू केलं. लहान पोराला एकटं पाठवलं तरी फसवणूक नाही, अशी त्यांची ख्याती झाली, आणि धंदाही वाढला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कुणी देणी बुडवली तर त्याची मंडळी, म्हणजे उपासनेची स्थानिक सभा, चौकशी करायची आणि प्रसंगी त्याला बाहेर काढायची. ले आणि एबर्स यांना असं विचारणारं कोण होतं? दोष श्रद्धेचा नव्हता. तिला जाब विचारणारं कुणी नव्हतं.

उलटतपासणी
क्वेकरांचं नाव काढलंत, तर मग चॉकलेटवालं क्वेकर घराणं कॅडबरीही घ्या. आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावरच्या कोकोमळ्यांत मजुरांना गुलामांसारखं राबवतात, हे विल्यम कॅडबरींच्या कानावर १९०१मध्ये आलं. तिथली खरेदी थांबली १९०९मध्ये! एका वृत्तपत्राने यावर ढोंगीपणाचा आरोप केला तेव्हा कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. ज्युरीने निकाल कंपनीच्या बाजूने दिला आणि भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. यापेक्षा बोलका निकाल मी वाचलेला नाही.

ताळेबंद
हे उदाहरण माझ्याही डोक्यात होतं, आणि ते दोन्ही बाजूंनी बोचतं. कॅडबरी स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी तपासनीस पाठवला, पुढे विल्यम स्वतः जाऊन आले. युक्तिवाद असा की खरेदीदार राहिलो तरच मळेवाल्यांवर दबाव टाकता येईल. हा युक्तिवाद खोटा नाही, आजही कंपन्या तोच करतात. पण 'अमुक तारखेपर्यंत बदल नाही, तर आम्ही बाहेर' हे वेळेत ठरायला हवं होतं. तारीख नसलेला दबाव म्हणजे नुसती खरेदी.

आणि याच कंपनीने बॉर्नव्हिलला, म्हणजे इंग्लंडातल्या आपल्या कारखान्याजवळच्या वसाहतीत, कामगारांसाठी मैदानं दिली, बागा दिल्या. डोळ्यांसमोरच्या कामगाराला बाग, समुद्रापलीकडच्याला 'जरा थांबा'. दुबळा माणूस दूर असला की सचोटी पातळ होते, हेच मी म्हणतोय.

सांजवेळ
मी मालक नाही, अशा 'विश्वासू' मालकाकडे नोकरी केलेली आहे. बैठकीआधीची प्रार्थना ऐच्छिक होती, पण कोण येतं नि कोण येत नाही हे सगळ्यांच्या लक्षात राहायचं. येशूने तर दार लावून प्रार्थना करा म्हटलंय!

दुसरी गोष्ट क्षमेची. वरिष्ठाने खर्चात गोलमाल केली, प्रकरण 'क्षमा' म्हणून मिटवलं. ज्या कनिष्ठांच्या बोनसला कात्री लागली त्यांना कुणी विचारलंच नाही. बायबलमधला जकातदार जक्कय नुसत्या पश्चात्तापावर थांबला नव्हता, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणाला होता. लूक १९ काढून बघा.

कोरडवाहू
जक्कयाबद्दल पूर्ण सहमत. पण विश्वास लपवून ठेवणं हीसुद्धा सचोटी नव्हे. अमेरिकेतल्या चिक-फिल-ए या चिकनच्या हॉटेलसाखळीच्या संस्थापकाने १९४६मध्ये पहिलं हॉटेल काढलं तेव्हापासून रविवार बंद ठेवला. त्या दिवसाची विक्री गेली ती मालकाची.

सांजवेळ
फरक तिथेच आहे ना. रविवारची सुट्टी सगळ्यांना मिळते, त्यासाठी कुणाला हात जोडून दाखवावे लागत नाहीत.

उलटतपासणी
बरं, एक अडचणीचा प्रश्न. रोकड आटली आहे, तीन महिन्यांत बंद करावं लागेल अशी चिन्हं आहेत. आज खरं सांगितलं तर चांगली माणसं आधी निघून जातील, मोठा ग्राहक बिचकेल आणि कदाचित वाचणारा धंदाही बुडेल. अशा वेळी ख्रिस्ती मालक काय करतो? 'होय तर होय' कुणाच्या खर्चाने?

ताळेबंद
सांगतो. चांगली माणसं निघून जाणार हे धरूनच सांगतो, कारण ते तीन महिने त्यांचेही आहेत. पगार आधी, स्वतःचं मानधन शेवटी. ग्राहकाने विचारलं तर खोटं नाही, पण विचारण्याआधी त्याला सांगायला हवं की नको यावर मी अजून अडलोय.

कोरडवाहू
ग्राहकाने आगाऊ रक्कम दिलेली असेल तर विचारायची वाट बघायची नाही. बाकी ठिकाणी मीही अडेन.