खली म्हणे दारा सिंगपेक्षा मोठा!

फोंडेकर
काल इथं एका महाशयांनी लिहिलं, "खली हा भारतात जन्मलेला सर्वात मोठा कुस्तीगीर. दारा सिंगला भारत ओळखायचा, खलीला जग ओळखतं." खाली अंगठ्यांचा पाऊस. रात्रभर डोक्यात राहिलं म्हणून लिहितोय.

खलीची एखादी लढत आवाज बंद करून बघा. समालोचकाची आरडाओरड गेली की उरतो एक अवाढव्य माणूस, जागेवर उभा, आणि समोरचा स्वतःहून त्याच्या हातावर येऊन आपटतोय. २००६च्या एप्रिलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या कुस्तीत आला, आल्या आल्या तिथल्या बड्या अंडरटेकरला आडवा केला, मे महिन्यात जजमेंट डे या कार्यक्रमात हरवलाही. पण ती लढत ओढून नेली अंडरटेकरने. हरायचं कसं हे त्याला येत होतं म्हणून खली मोठा दिसला. ऑगस्टमध्ये लास्ट मॅन स्टँडिंगमध्ये, म्हणजे शेवटी उभा राहील तो जिंकला अशा लढतीत, अंडरटेकरने हिशेब चुकता केलाच.

२००७चा पट्टा? चॅम्पियन एज जखमी झाला, पट्टा रिकामा पडला, वीस जणांची बॅटल रॉयल, म्हणजे सगळे एकदम रिंगमध्ये आणि शेवटी उरेल तो विजेता, अशी लढत लावली, शेवटी केन आणि बटिस्टाला बाहेर काढून हा चॅम्पियन. सप्टेंबरात बटिस्टाने पट्टा नेला. दोन महिने! आणि तुलना कोणाशी, तर १९६८ला मुंबईत अमेरिकन चॅम्पियन लू थेझला पाडणाऱ्या दारा सिंगशी.

डिचोलीचो झील
फोंडेकरबाब, सोयीचं तेवढंच सांगता. १९६८ला थेझचं वय किती होतं? बावन्न. ते का नाही लिहिलंत? आणि दारा सिंग आणि किंग काँग नावाच्या पैलवानाच्या लढती काय लाल मातीतल्या निकाली कुस्त्या होत्या? तिकीट लावून केलेला खेळ तोही आणि हाही. एक नूरा, म्हणजे निकाल ठरवून केलेली कुस्ती, तुम्हाला पवित्र, दुसरी टाकाऊ.

पट्टा दोन महिने राहिला, पण भारतात जन्मलेल्या माणसाला तो त्याआधी मिळाला होता का? शिमल्यात सिक्युरिटीची नोकरी करणारा माणूस तिथं पोचला. मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीची गाठ घेऊन लढत होता, २०१२ला ऑपरेशन झालं. जागेवर का उभा राहायचा ते आता कळलं?

माझा भाऊ तेव्हा बोटीवर होता. मेसमधले फिलिपिनो त्याला नावाने नाही, 'खली' म्हणूनच हाक मारायचे. अंगाने पाप्याचं पितर तो! दारा सिंगचं नाव तिथं एकालाही माहीत नव्हतं.

फोंडेकर
म्हणजे पुरावा काय, तर तुमच्या भावाची मेस. धन्य.

सासष्टीकार
दोघेही ठरलेल्या निकालावर भांडताय. खरी झुंज बघायची तर धीरयो, आमच्या गोव्यातली बैलांची झुंज. बैलाला कोणी स्क्रिप्ट देत नाही. पाठ फिरवून पळाला तो हरला, विषय संपला. खलीला एकदा शेतात उभा करायला हवा होता.

मांडवीकाठची
आलेच! कुठलाही विषय काढा, दहाव्या मिनिटाला धीरयो. हायकोर्टाने १९९६ला बंद केली ती उगाच नाही. पोट फाटलेला रेडा मी लहानपणी बघितलाय, मामाच्या गावी. भोवतीची माणसं त्याच्याकडे बघत नव्हती, पैशांवरून भांडत होती. याला झुंज म्हणता?

सासष्टीकार
बाई, तुमच्या मामाच्या गावचं मला सांगू नका. आमच्या घरी बैल होता. माझे पप्पा जेवायला बसायच्या आधी त्याला बघून यायचे. खायला काय, मालीश काय, पोरांचे एवढे लाड नव्हते. तमिळनाडूने २०१७ला कायदा करून जल्लीकट्टू सोडवला, २०२३ला सुप्रीम कोर्टाने मान्य केला. त्याच निकालात महाराष्ट्राच्या बैलगाडा शर्यतीही सुटल्या. आमचे आमदार फक्त विधानसभेत गळा काढतात आणि निवडणूक झाली की गप्प.

मांडवीकाठची
शर्यतीतले बैल एकमेकांच्या पोटात शिंगं घालत नाहीत. एवढा फरक कळत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. आणि लाड केलेला बैल झुंजायला सोडायचा, हे कसलं प्रेम?

सासष्टीकार
मग बंदीने काय साधलं? चोरून होतातच. पूर्वी पंचक्रोशी जमायची, आता पहाटे मोबाईलवर निरोप येतो आणि पोलिसांच्या भीतीने जनावर घाईघाईत टेम्पोत कोंबतात. बैलाचं भलं झालं म्हणता?

मांडवीकाठची
चोरून होतं ते बंद करा म्हणा. चोरीलाच कायदेशीर करा म्हणू नका. बंदीची अंमलबजावणी धड नाही हे मात्र खरं. घ्या, मिळालं समाधान?

पेडण्याचे मास्तर
खली, दारा, बैल, रेडे सगळे आले. १९५२ला हेलसिंकीत कांस्य आणणारे खाशाबा जाधव कोणालाच आठवले नाहीत. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. इथल्या पोरांना कुस्ती म्हटलं की टीव्ही, नाहीतर आम्ही शाळेत जप्त करायचो ती डब्ल्यूडब्ल्यूएफची, म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईची, कार्डं.

डिचोलीचो झील
मास्तर, माझी कार्डं अजून परत आली नाहीत.
मूळ मुद्दा असा की खलीने जालंधरला कुस्तीची शाळा काढली. हरियाणाची कविता देवी तिथंच शिकली आणि २०१७ला सलवार-कमीजमध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगमध्ये उतरली. मागे काहीतरी ठेवून जाणं म्हणजे आणखी काय असतं?

फोंडेकर
बरं, शाळा मान्य. कविता देवीने एका लढतीत दाखवले तेवढे डाव गुरुजींनी अख्ख्या कारकिर्दीत दाखवले नाहीत, हेही तुम्ही मान्य करा. डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्येही, म्हणजे त्यांच्या मानाच्या यादीत, दारा सिंग २०१८ला गेला, खली २०२१ला. रांग बघून घ्या.

डिचोलीचो झील
जिवंतपणी कोण गेला तेही बघा. दारा सिंगला जाऊन तेव्हा जवळपास सहा वर्षं झाली होती. आणि त्याने किती पोरं तिकडे पाठवली?

फोंडेकर
त्याने 'रामायण' मालिकेत देशाला हनुमान दिला. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे.

डिचोलीचो झील
हनुमानाला मध्ये आणलंत, म्हणजे मुद्दे संपले.

सासष्टीकार
तमिळनाडूच्या त्या जल्लीकट्टू कायद्याचा मसुदा कोणाकडे आहे का? मी गंभीरपणे विचारतोय.