रात्री उठून अजूनही ऑक्सिमीटर लावते. कुणाला असं होतं का?

गोदाकाठची लेक:
एप्रिल २०२१ मध्ये बाबा कोविडनं गेले. घरी होते तोवर दर दोन तासांनी ऑक्सिमीटर लावून आकडा वहीत लिहायचं काम माझ्याकडे. ९६, ९५, ९३. पहाटे ८८ झाला आणि रुग्णवाहिका बोलावली. निघताना "गॅस बंद केलास का गं?" एवढंच म्हणाले. नंतर तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. दहाव्याला आम्ही तिघंच, बाकीचे व्हिडिओ कॉलवर.
नोकरी, मुलं, सगळं चालू आहे. पण घरात कुणी खोकलं की जीव खालीवर होतो. रात्री दचकून उठते, बोट घालते, ९८ दिसलं की झोपते. नवरा म्हणतो, विसर आता. कसं विसरू?

सिस्टर:
ताई, होतं असं. मी तेव्हा कोविड वॉर्डात होते. नातेवाइकांचा फोन आला की पेशंटच्या कानाशी धरायचो, दोन-दोन हातमोज्यांतून हात हातात घ्यायचो. सगळ्यांपर्यंत पोचलो असं म्हणणार नाही. ते न पोचलेलेच मला रात्री आठवायचे. शेवटी टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन केला. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात. मी ड्यूटीवरून येऊन सारखा ताप मोजायचे. मोजला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि त्यानंच सवय घट्ट होते. समुपदेशक बाई म्हणाल्या, एकदम सोडू नका, आधी दहा मिनिटं थांबून बघा. पहिल्या रात्री ती दहा मिनिटं संपता संपेनात. पण महिन्याभरात फरक पडला.

कराडकर:
माझा थोरला भाऊ त्याच लाटेत गेला. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा, त्यात गावातले निम्मे आजारी. कुणी गळ्यात पडून रडलंच नाही. पुढच्या वर्षी पितृपक्षात सगळ्या भावकीला जेवायला बोलावलं. त्याच्या आवडीची वांग्याची भाजी केली. पंगत उठल्यावर त्याचा मित्र ओसरीवर बसून ढसाढसा रडला, मग मीही. तोवर माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. "विसर" म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका ताई. बाबांबद्दल बोला.

गोदाकाठची लेक:
सिस्टर, काल दहा मिनिटं थांबले. घाम फुटला. मग लावलाच, पण थांबले. आज १४४१६ ला फोन करते.
दादा, ती वही कपाटात आहे. ८८ च्या पुढे पान कोरं. भाऊ तेव्हा दुबईत अडकला होता, त्याला कधी दाखवली नाही. दिवाळीला येतोय. त्याच्यासमोर उघडेन.